आप्पांची परवाची गाडी

सुरतेच्या भर एप्रिलात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, एखादा गृहस्थ लोकरी स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून उधन्याचा पूल चढताना दिसला, तर त्याला वेडा समजू नका. ते आमचे सुकलालआप्पा आहेत. ते हिमालयात निघाले आहेत, आणि गेली कित्येक वर्षं निघालेलेच आहेत.

आप्पा भेस्तानला राहतात, आमच्या भिंतीला भिंत लावून. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सारी हयात पांडेसऱ्यातल्या एका रंगाई मिलमध्ये कलर मास्टर होते. व्यापाऱ्यानं आणलेल्या चिंधीशी तंतोतंत जुळेल असा रंग कापडावर चढवायचा, आणि नाही जुळला तर "शेड लागनी नही" म्हणून पुन्हा रंगवायला लावायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर काम सुटलं, सवय राहिली. आमच्या घरच्या आमटीपासून संध्याकाळच्या आभाळापर्यंत कशाचीच शेड त्यांना लागत नाही. माझ्या मुलीला, प्राजक्ताला, पाहायला आलेला मुलगा पायऱ्या उतरून जायच्या आत आप्पांनी आपल्या अहिराणीत निकाल दिला होता, "पोरगं चांगलं शे, पन शर्टमा लाल जास्त शे."

निवृत्तीनंतर त्यांनी एक चांगला जाडजूड कॅमेरा घेतला आणि 'पिलान' आखला. उन्हाळ्यात हिमालय गाठायचा. तिथली राष्ट्रीय उद्यानं पायी हिंडायची. बर्फ, पहाडी फुलं आणि जमलं तर हिमबिबट्या, सगळ्यांचे फोटो काढायचे. होळी पेटली की भिंतीवर नकाशा लागतो आणि तयारी सुरू होते. स्वेटर घालायचा तो अंगाला सवय व्हावी म्हणून. उंचीची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर बसायचं. बिबट्याची सवय गल्लीतल्या मांजरीवर होते. आप्पा तिच्यासमोर पालथे पडून श्वास रोखून बसतात, आणि ती मिशा चाटून निघून जाते. "बिबट्या बी आसाच करस," असं ते कपडे झटकत सांगतात.

बर्फाची तालीम मात्र मला महागात पडली. आप्पांचं म्हणणं असं की बर्फाचा फोटो फार अवघड. एवढं पांढरं एकदम समोर आलं की कॅमेरा गोंधळतो आणि सगळं करडं करून टाकतो. आता भेस्तानला बर्फ कुठून आणायचा? तर ते मला एका रविवारी त्यांच्या जुन्या मिलमध्ये घेऊन गेले. तिथं ब्लीच होऊन आलेल्या पांढऱ्याशुभ्र कापडाच्या ताक्यांचा डोंगर होता. "गुरुजी, चढा वर. तुम्ही गिर्यारोहक." मी महापालिकेच्या मराठी शाळेतला शिक्षक, आयुष्यात फळ्यापेक्षा उंच कुठं चढलो नव्हतो. तरी चढलो. शिखरावर उभा राहून हात हलवला आणि ताक्यांसकट खाली आलो. मिलचा माणूस ओरडत धावत आला. आप्पा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "हलू नका. हिमस्खलन मस्त येई राहिनं."

एवढी तयारी झाली की मे महिना उजाडतो. आमच्या गल्लीत जवळजवळ सगळे खान्देशातले. वैशाखात तिकडे लग्नांची रांग लागते आणि इकडे गल्ली ओस पडते. कुणी नंदुरबारला, कुणी अमळनेरला, कुणी चोपड्याला. पत्र्याच्या पेट्या, आहेराची पातळं आणि रडणारी पोरं घेऊन लोक उधना स्टेशन गाठतात. प्रत्येकाला रिक्षात बसवायला आप्पा हजर.

"आप्पा, तुम्ही कधी निघणार?"

"तुम्ही जावा. मनी गाडी परवा शे."

जूनमध्ये गल्ली परत भरली की आप्पा ओट्यावर बसलेले असत. फोटो एकही नाही. एका वर्षी म्हणे दरड कोसळली. एका वर्षी फुलं फुललीच नाहीत. एकदा तर सरळ सांगितलं, "आभाळनी शेड लागनी नही, मंग तिकीट रद्द करी टाकं." गल्ली पोट धरून हसे. टारगट पोरं त्यांना 'हिमालयरिटर्न' म्हणत. आप्पाही हसत.

दुसरी एक गंमत होती. महिनाभर घरं बंद असूनही कुणाची तुळस कधी वाळत नसे. आम्हाला वाटे, कोपऱ्यावरचे किराणावाले कांतिभाई पाणी घालतात. त्यामुळे गावाहून येताना जो तो त्यांना आंबे आणी. कांतिभाईही "एमां शुं!", त्यात काय एवढं, म्हणत संकोचानं पाटी आत ठेवून घेत.

गेल्या वर्षी शाळेच्या कसल्याशा कामासाठी मला भर मे महिन्यात एकट्यालाच सुरतेला यावं लागलं. दुपारची वेळ. गल्लीत चिटपाखरू नाही. आणि पाहतो तर आप्पा. बनियनवर, हातात बादली, आमच्या तुळशीला पाणी घालताहेत.

"आप्पा, तुम्ही हिमालयात होतात ना?"

त्यांनी बादली खाली ठेवली. शेड, दरड, फुलं, काहीतरी सांगतील म्हणून मी हसायच्या तयारीत होतो. ते ओट्यावर बसले.

"गुरुजी, वैशाख लागना की जो तो इचारस, आप्पा, गावले कवय जास? काय सांगू? माय-बाप गयात. भाऊनी घर इकी टाकं. पत्रिका धाडनारं कोन शे? हिमालय सांगा की कोनी पुढे इचारत नही."

"पण मग खरंच जायचं की! एवढी तयारी करता."

"तठे जाईसन बी एकलाच ना? मंग आठेच बरा. आठे तुळशी तरी वळखतस."

मी आत जाऊन चहा केला आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या गल्लीकडे बघत तो प्यालो. ज्या माणसाला आम्ही इतकी वर्षं हसत होतो, तो आमच्या सगळ्यांच्या अंगणात पाणी घालत होता, याची मला लाज वाटली आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

गावी परतल्यावर हे मी बायकोला, सुनंदाला, सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

या वर्षी प्राजक्ताचं लग्न ठरलं. तोच तो लाल शर्टवाला मुलगा. लग्न गावी, मे महिन्यात. पत्रिका छापून आल्या तशी सुनंदानं ताटात हळदकुंकू, अक्षता आणि पत्रिका घेतली आणि भिंतीपलीकडे गेली. मी मागोमाग गेलो. आप्पा नकाशा लावत होते.

"आप्पा, मला पाठचा ना पुढचा, कुणी भाऊ नाही, तुम्हाला ठाऊक आहे. प्राजूला मांडवात आणायला मामा पाहिजे. तुम्ही उभं राहायचं."

आप्पांच्या हातात नकाशाचं एक टोक तसंच राहिलं. "मे महिनामा? पन मना पिलान..."

"हिमालय कुठं पळून जातोय? लग्न उरकलं की आपण सगळेच जाऊ. पण मामाशिवाय माझी पोर मांडवात कशी येईल?"

त्यांनी हात धुतले, डोक्यावर टोपी घातली आणि पाटावर बसून कपाळ पुढं केलं. सुनंदानं कुंकू लावलं, हातात अक्षता दिल्या. त्यांनी मूठ घट्ट मिटली. मग म्हणाले, "नवरीना शालूनी शेड कोनी पाह्यी? मले दखाडा आधी."

त्यानंतर आठवडाभर ते आम्हा बायकांपुरुषांना साड्यांच्या मार्केटात पिटाळत होते. एका दुकानदारानं हात जोडले. मी म्हटलं, "आप्पा, मांडवात फोटो मात्र तुम्हीच काढायचे." ते माझ्यावर डाफरलेच. "मामा फोटो काढस का? मामा नवरीना मांगे उभा ऱ्हास!" कॅमेरा माझ्या गळ्यात आला.

निघायच्या दिवशी आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा आप्पा आधीच येऊन बसले होते. नवं धोतर, फेटा, आणि भाचीच्या आहेराची पेटी मांडीवर. उधन्याच्या त्या गर्दीत पेट्यांवर पेट्या रचल्या होत्या. गाडी आली, आम्ही चढलो. समोरच्या बाकावरच्या माणसानं आप्पांना पाय जरा आत घ्यायला सांगितलं. आप्पांनी पाय आत घेतले, पेटी छातीशी धरली आणि त्या अनोळखी माणसाला, त्यानं काहीही विचारलेलं नसताना, डबाभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "गावले जाई राहिनू भाऊ. मनी भाचीनं लगन शे."