हेडलीच्या दुकानातली पोरं

हेडली थर्लवेलच्या दुकानाच्या काचेवर कौन्सिलचा माणूस एक फिकट निळा कागद डकवून गेला, तेव्हा हेडलीला वाटलं, चर्चच्या जत्रेची जाहिरात असेल. त्याने ती दिवसभर तशीच राहू दिली आणि वर कोपरा सुटत होता तिथे स्वतःच्या हाताने चिकटपट्टीही लावली. संध्याकाळी डॉर्कस पर्विस तिची जिन घ्यायला आली तेव्हा तिने तो कागद मोठ्याने वाचला.

"हेडली, तुझा दारूचा परवाना तपासणार आहेत. लहान मुलांना दारू विकतोस म्हणे."

"मी?"

"आता दुकानावर नाव तुझंच आहे."

"अगं पण आपल्या गावात लहान मूल आहे कुठे?"

हा प्रश्न बिनतोड होता. सँडरिगमधला सगळ्यात तरुण माणूस म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा रोलंड, आणि त्याचेही दोन्ही गुडघे बदलून झाले होते. शाळा बंद पडून जमाना लोटला होता. तिथे आता कुणीतरी मातीची भांडी करत असे.

पण तक्रार खोटी नव्हती, हीच तर गंमत. गावात हेडली सगळ्यांहून वडील. बापाच्या शेजारी स्टुलावर उभा राहून तो गल्ला सांभाळायला शिकला तेव्हा डॉर्कस दोन वेण्या घालून गोळ्या घ्यायला यायची आणि नेड रटर बेचकीने त्याच्याच काचा फोडायचा. पुढे डॉर्कसचे केस पांढरे झाले, नेडचे गेले, पण हेडलीच्या जिभेला हे कुणी कळवलंच नाही. "काय रे पोरा, काय देऊ?" "घे पोरी तुझी जिन, आणि आईला सांगू नकोस." आईला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तरी डॉर्कस दरवेळी हसायची, बाटली कोटाखाली लपवायची आणि समोरच्या बस थांब्यावर जाऊन बसायची. तिथे बाकीची पोरं वाट बघत असायची.

थांब्यासमोरच्या बंगलीत नुकतेच दक्षिणेकडून मिस्टर लवलॉक राहायला आले होते. निवृत्त, एकटे, आणि खिडकीपाशी बसायची सवय. सँडरिगला समुद्रावरून धुकं चढलं की पहिल्यांदा दिसेनासं होतं ते माणसाचं वय. सुरकुत्या पुसल्या जातात, टोप्या आणि खिदळणं तेवढं उरतं. लवलॉकसाहेबांना त्या धुक्यात काय दिसलं, तर वयाने आक्रसलेल्या, म्हणून बुटक्या आकृत्या, डोक्यावर रेनकोटच्या टोप्या, हातात बाटल्या. आणि दुकानाच्या दारातून आवाज, "सरळ घरी जा रे पोरांनो, गृहपाठ राहिलाय ना?" त्यांनी त्याच संध्याकाळी कौन्सिलला लिहिलं. भला माणूस होता, मुलांची काळजी वाटली त्याला. ओळख काढून एकदा दुकानात यायचं तेवढं सुचलं नाही.

हेडलीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. पाव आणि वर्तमानपत्रांवर दुकान चालत नव्हतं. परवाना गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की संध्याकाळी जायचं कुठे, हा प्रश्न त्याच्याइतकाच बाकीच्यांचाही होता. म्हणून परवान्याच्या सुनावणीला अख्खं गाव बसमध्ये बसून तालुक्याला गेलं. हेडलीने त्यांना न येण्याबद्दल परोपरीने सांगितलं होतं.

समितीत तीन सभासद होते आणि अध्यक्षस्थानी मिसेस बॅक्सेंडेल, शांत, टापटीप बाई. लवलॉकसाहेब पुढच्या रांगेत पाठमोरे बसले होते. पहिली साक्ष द्यायला डॉर्कस उठली.

"हेडलीसारखा सरळ दुकानदार शोधून सापडणार नाही," ती म्हणाली. "मी सोळा वर्षांची होते तेव्हापासून त्याच्याकडूनच घेते. कधी म्हणून वय विचारलं नाही त्याने."

कारकुनाने ते उतरवून घेतलं. हेडलीने डोळे मिटले.

नेडला वाटलं, डॉर्कसचं जरा चुकतंय, आपण सावरावं. "सोळाचं काय घेऊन बसलात बाई? मला त्याने पहिली बिअर पाजली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. दुकानामागे. पैसेसुद्धा घेतले नाहीत."

"अरे बस खाली," हेडली पुटपुटला.

"का? चांगलंच सांगतोय ना तुझं."

लवलॉकसाहेब मागे वळले आणि वळलेलेच राहिले. मागच्या बाकांवर त्याच टोप्या होत्या, पण आत धुकं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते चाचरत उठून म्हणाले, "माझी... माझी बहुधा गफलत झालीय. हीच ती मुलं."

सभागृहात हशा पिकला. तिथेच घोडं गंगेत न्हालं असतं. पण मिसेस बॅक्सेंडेलनी सहज म्हणून विचारलं, "मिस्टर थर्लवेल, मग तुम्ही यांना पोरं का म्हणता? गंमत म्हणून?"

हो म्हणाला असता तर सुटला असता. पण हेडलीला खोटं जमत नसे, आणि मागे वळून त्या बाकांकडे बघताना त्याला नेहमीसारखंच झालं. डॉर्कसच्या वेणीची रिबन सुटली होती. नेडच्या खिशातून बेचकी डोकावत होती. रोलंडचं नाक वाहत होतं.

"गंमत नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. "मला ती तशीच दिसतात."

"म्हणजे किती वर्षांची?"

"दहा. बारा. डॉर्कस जरा थोराड आहे अंगाने."

"थोराड?" मागून डॉर्कस म्हणाली.

समितीचे सभासद आतल्या खोलीत गेले ते बराच वेळ आले नाहीत. हेडली टोपी कुरवाळत बसला. ते परतले तेव्हा मिसेस बॅक्सेंडेलच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते लांब कुठे गेलेलंही नव्हतं.

"परवाना कायम. अट एकच. जे गिऱ्हाईक पंचवीसच्या आतलं वाटेल त्याच्याकडे वयाचा पुरावा मागायचा, असा नियमच आहे. तुम्हाला ही सगळी मंडळी दहा-बारा वर्षांची दिसतात हे तुम्हीच सांगितलंत. तेव्हा यापुढे प्रत्येक वेळी, प्रत्येकाचा पुरावा."

हेडलीला वाटलं, आता गिऱ्हाईक तुटणार. झालं भलतंच. गावाला त्या पुराव्याचं वेडच लागलं. आयुष्यभर पावडर न लावलेली डॉर्कस पावडर लावून जिन घ्यायला येऊ लागली. "आहे मी मोठी, बघ," म्हणत पासपोर्ट काढायची आणि लाजायची. नेड म्हाताऱ्यांना मिळणारा बसचा पास मुद्दाम घरी विसरायचा, म्हणजे हेडली त्याला हाकलून देई आणि तो थांब्यावर जाऊन ऐटीत सांगे, "नाही दिली रे मला. लहान दिसतो म्हणे."

मग एका संध्याकाळी पुन्हा धुकं चढलं आणि मिस्टर लवलॉक दुकानात आले. पहिल्यांदाच. त्यांनी शेरीची बाटली काउंटरवर ठेवली. दुसऱ्या हातात पास तयार होता.

हेडलीने बाटली कागदात गुंडाळून पुढे केली. "घ्या साहेब."

लवलॉक हलले नाहीत. "पुरावा नाही बघायचा?"

"तुमचा नको. तुम्ही दिसताच तेवढे."

बाहेर थांब्यावर कुणीतरी खिदळलं. लवलॉकसाहेबांनी पास हळूच खिशात घातला. सगळ्या गावात म्हातारा असा हा एकटाच माणूस आहे, हे हेडलीच्या तेव्हा ध्यानात आलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

"लहानपणी कुठं होता हो तुम्ही?"

"कालव्याकाठी. वडील कालव्याचे दरवाजे उघडायचे. मी एकदा शेजाऱ्यांचं बदक शाळेत नेलं होतं. दप्तरात घालून."

"जिवंत?"

"वर्गात ओरडलं ना ते. भूगोलाच्या तासाला."

हेडली काउंटरवर कोपर टेकून बघत राहिला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. धुकं दारातून आत येत होतं, आणि हळूहळू समोरच्या माणसाच्या कोटाच्या बाह्या त्याच्या हातांना लांब होऊ लागल्या. गुडघा खरचटलेला होता. पाठीवरचं दप्तर हलत होतं.

हेडलीने बाटली मागे ओढली.

"पास काढ रे पोरा," तो दरडावून म्हणाला.

लवलॉकने घाईघाईने पास काढला, तोही उलटा. हेडलीने तो दिव्याखाली धरून नीट वाचला, मान डोलावली आणि बाटली पुढे सरकवली.

"आईला सांगू नकोस."

"नाही सांगणार," लवलॉक म्हणाला, आणि बाटली कोटाखाली लपवून पळतच थांब्याकडे गेला.