मानाचा रक्तदाब

गावात गरोदर बायांचा रक्तदाब मोजायला नवं यंत्र आलं, तेव्हा त्याचं रीतसर उद्घाटन होणं ओघानं आलंच. आठवा महिना लागलेली सविता सकाळपासून मंडपात बसली होती. डोकं ठणकत होतं, पाय सुजून चपलेत मावत नव्हते, डोळ्यांपुढे मधूनच अंधारी येत होती. आज आपला दाब कळणार, एवढ्याच आशेवर ती आली होती.

नुसती फीत कापून यंत्राचं उद्घाटन होत नसतं, असं मान्यवरांचं मत पडलं. म्हणून पहिला मान दूध संस्थेचे चेअरमन श्रीमंत आबांचा. फेटा बांधून, शाल पांघरून आबांनी हात पुढे केला. एकशे पन्नास! टाळ्या झाल्या.

"सिस्टर, आता माझं बघता का?" सविताने विचारलं.

"दम धर की गं," सासूबाई कडूबाई कुजबुजल्या. "मोठ्या मान्सांचं आदी हुदे. तवर चहा दे समद्यांना."

सविता किटली घेऊन उठली. तोवर व्हाइस चेअरमन गहिनीनाथ खुर्चीत बसले आणि घात झाला. एकशे साठ! व्हाइस चेअरमनचा आकडा चेअरमनपेक्षा मोठा, असा प्रसंग संस्थेवर कधी आला नव्हता.

"आबा, दाब जास्त असणं चांगलं नसतं," अश्विनी सिस्टर काकुळतीने म्हणाल्या.

"ते ऱ्हाऊ द्या. चेअरमन कोन हाय?" आबा गरजले आणि तडक पळत गावाला फेरी मारून आले. एकशे सत्तर! फटाके वाजले. आबा मात्र घामाघूम होऊन खुर्चीत कलंडले, म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

ती दारात लागेपर्यंत आबांना आभाराचं भाषण आठवलं. "म्या न्हाई जायचा. माईक आना!"

"गाडी रिकामी न्हेता येत न्हाई," ड्रायव्हरने नियम सांगितला. "कुनीतरी पेशंट द्या."

"ही घ्या!" सिस्टरांनी सविताचा हात धरला.

एवढ्या डोकेदुखीतही सविताला हसू फुटलं. "आत्याबाई, किटली धरा," म्हणत ती गाडीत चढली.

संगमनेरला डॉक्टरांनी दाब घेतला, पुन्हा घेतला आणि तिला लगोलग दाखल केलं. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, म्हणाले. आता मायलेकी ठणठणीत आहेत. बारशाला प्रमुख पाहुणे अर्थातच आबा होते, आणि भाषणात त्यांनी आपला एकशे सत्तरच सांगितला.

सविताचा आकडा किती आला होता, हे गावात अजून कुणी विचारलेलं नाही. गावाला कशाला हसता? आबांचा आकडा तुम्हालाही तोंडपाठ झाला. सविताचा सांगायचा राहिला, हे तुमच्या तरी ध्यानात आलं होतं का?