वखारीचा मधला खांब

अर्जुना न्याहारी अर्धी टाकून उठला आणि वखारीत जाऊन पुन्हा एकदा छताकडं बघून आला. मधल्या तुळईला चांगलं पोट सुटलं होतं. कालपर्यंत तिच्याखाली सागवानी खांब होता. आता त्या जागी नुसता दगडी तळखडा उरला होता. खांब बैलगाडीतून मळ्यात गेला होता आणि कडब्याखाली झोपला होता.

“आता दिसतंय का न्हाई पडकं?” त्यानं बायकोला विचारलं.

अंजना चुलीपुढून उठली नाही. “घर इकायचं तर इका. पर धडक्या घराला लंगडं करून इकायचं, ही कुठली रीत?”

“तुला न्हाई कळायचं. म्युन्शिपाल्टीला लंगडंच पायजे हाय.”

ते खरंच होतं. लढाई संपल्यावर बोरपेठेच्या म्युनिसिपालिटीनं चौकाचा कायापालट करायचं मनावर घेतलं होतं. भर चौकातली पडीक दुकानं आणि वखारी विकत घ्यायच्या, पाडायच्या आणि तिथं दगडी गाळ्यांची मंडई उभी करायची. मग सातारा-सांगली मोटारीतला उतारू नुसतं पाणी पिऊन पुढं जाणार नाही, काहीतरी खरेदी करून जाईल. पण पहिल्या वर्षी फक्त धोक्याच्या इमारती घ्यायच्या असं ठरलं, आणि ओव्हरसियर अनंतरावांनी अर्जुनाच्या वखारीच्या भिंतीवर थाप मारून सांगितलं, “मळकट आहे, पण ठणठणीत आहे. हिचा नंबर पुढच्या वर्षी.”

अर्जुनाला पुढच्या वर्षापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तो फौजेत ड्रायव्हर होता. इराकच्या वाळूत आणि इटलीच्या चिखलात त्यानं गाड्या हाकल्या होत्या, आणि परत आल्यापासून बापाच्या गुळाच्या वखारीत, जिथं आता गूळसुद्धा येत नव्हता, माश्या मारत बसला होता. खडकीच्या डेपोत मिलिटरीचे जुने ट्रक विक्रीला निघाले होते. फौजेतला दोस्त ज्ञानू निम्म्या भागीला तयार होता. “ह्या महिन्यात जमव गड्या, न्हाईतर मी दुसरा भागीदार बघतो,” असं तो सांगून गेला होता. तेव्हापासून जेवायला बसलं तरी अर्जुनाचा उजवा पाय आपोआप ॲक्सिलेटर दाबत असे.

आज चौकातल्या इमारती बघायला म्युनिसिपालिटीची कमिटी येणार, दारातूनच छत बघणार, नाकाला रुमाल लावणार आणि वखार धोक्याची ठरवून निघून जाणार, अशी त्याची अटकळ होती. कमिटी जिना चढून माडीवर जाईल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

कमिटी आली ती ऊन चढल्यावर. पुढं प्रेसिडेंट चिंतामणराव वकील. माणूस मनानं मऊ आणि देहानं विस्तीर्ण. त्यांना बसवून टांगा चढावर न्यायचा म्हणजे टांगेवाला खाली उतरून चालत असे. मागं म्युनिसिपालिटीचे मेंबर, ओव्हरसियर अनंतराव, आणि शेजारचा दुकानदार गुंडा. गुंडाच्या दुकानाचं छप्पर मागंच बसलं होतं, त्यामुळं ते ह्याच वर्षी घेतलं जाणार म्हणून तो निर्धास्त होता. त्याला कमी ऐकू येत असे, पण ऐकलेलं सगळ्यांना मोठ्यानं सांगायची त्याला हौस होती.

चिंतामणरावांनी छताकडं पाहिलंच नाही. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “अनंतराव, ह्यांच्या माडीवरून सगळा चौक दिसतो ना?”

“अगदी तळहातासारखा.”

“मग नकाशा वरच पसरू या.”

“साहेब, वर कशाला?” अर्जुना जिन्याच्या तोंडाशी आडवा झाला. “वर लय धूळ हाय.”

“धुळीला भिऊन गावं सुधारतात का?” असं म्हणत चिंतामणराव पहिली पायरी चढले. जिना कण्हला. मागोमाग सगळे चढले, आणि काय करावं ते न सुचून अर्जुनाही चढला.

वर वारा छान येत होता. चिंतामणराव खिडकीपाशी उभे राहिले आणि मंडई कुठं येईल, पाण्याचा हौद कुठं येईल, ते हातवारे करून दाखवू लागले. सगळे भिंतीकडेला होते, म्हणून अर्जुनाला थोडा धीर आला. पण नकाशा पसरायला जागा लागणार होती, आणि जागा मधेच होती.

“साहेब, भिंतीला इंगळ्या निगत्यात हितं,” तो म्हणाला. विंचवाचं नाव काढल्यावर मंडळी तडक खाली पळतील, असा त्याचा हिशेब होता.

मंडळी खरंच पळाली, पण भिंतीपासून लांब. धोतरं सावरत सगळे माडीच्या बरोबर मधोमध आले आणि एकमेकांना चिकटून बसले. चिंतामणरावांनी बसकण मारली ती नेमकी मधल्या तुळईवर. खालून कर्रकन आवाज आला.

“उंदीर,” अनंतराव म्हणाले.

“खाली चा मांडलाय, साहेब,” अर्जुना घाईनं म्हणाला.

“वरच पाठवा. आणि त्या पलीकडच्या दुकानदारांनाही बोलवा वर. सगळ्यांची जागा नकाशावर एकदम दाखवतो.”

अर्जुना जिन्यावरून उतरला नाही, घसरला. वखारीत येऊन त्यानं वर पाहिलं. तुळईचं सकाळचं पोट आता दिवस भरल्यासारखं दिसत होतं. फळ्यांच्या फटींतून मातीची बारीक धार लागली होती. वरून चिंतामणरावांचा आवाज येत होता. ते बोलताना पुढं झुकले की धार वाढे, मागं टेकले की कमी होई.

अंजना चहाची किटली घेऊन दारात उभी होती.

“वर जाऊ नगंस,” अर्जुना म्हणाला.

“मी कशाला जाती? आदीच काय कमी वजन हाय? सांगा त्यास्नी खरं काय ते.”

“सांगितलं तर फसवणुकीचा खटला हुईल. त्यो वकील हाय.”

“आनि पडलं तर?”

तुळईनं पुन्हा आवाज केला, ह्या वेळी लांबलचक. अर्जुनानं डोक्याचं पागोटं काढून खांद्यावर ठेवलं, तळखड्यावर चढला आणि खांबाच्या जागी स्वतः उभा राहिला. अंगानं उंच होता म्हणून खांदा तुळईला टेकला. दोन्ही हात वर करून त्यानं तुळईला मिठी मारली आणि पाय रोवले. म्युनिसिपालिटीचा निम्मा भार त्याच्या मानेवर आला.

“किटली जिन्यावरनं वर दे,” तो दातांतून म्हणाला, “आनि चा लवकर संपवाय सांग.”

चहा वर गेला. चहाबरोबर दुकानदारही वर गेले, कारण जिना रस्त्याच्या बाजूला होता आणि चिंतामणरावांची हाक त्यांनी परस्पर ऐकली होती. एकेक जण वर पोचला की अर्जुनाचे गुडघे थोडे थोडे वाकत. घामाच्या धारा डोळ्यांत जात होत्या आणि पुसायला हात मोकळा नव्हता. अंजनानं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

“अर्जुनराव,” वरून चिंतामणरावांनी हाक मारली, “वर या. तुमच्या वखारीचं आजच उरकून टाकू. मोक्याची जागा आहे, सोडायची नाही.”

ज्या शब्दांसाठी अर्जुना महिनाभर झुरत होता, ते शब्द हेच. तो म्हणाला, “मी हितंच बरा हाय. तुमीच खाली या, साहेब.”

वर थोडी कुजबुज झाली.

“अहो, किमतीचं म्हणताय का?” चिंतामणराव म्हणाले. “आम्ही थोडं वर यायला तयार आहोत.”

“वर नगा येऊ,” अर्जुना कळवळून म्हणाला. “आता आनि वर नगा. खाली या. जेवडं खाली येता येईल तेवडं या.”

विकणारा माणूस घेणाऱ्याला खाली यायला सांगतो, हे चिंतामणरावांनी वकिलीत कधी पाहिलं नव्हतं.

“पैशाचा मोह दिसत नाही ह्याला,” ते हळूच मेंबरांना म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, “बरं, पैशाचं राहू द्या. नव्या मंडईत एक गाळा कायमचा तुमच्या नावे.”

“नगं. मला काय नगं. सगळी निस्ती खाली या.”

“गाळाही नको म्हणतोय,” अनंतराव पुटपुटले.

तेवढ्यात तुळईतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. अर्जुनानं डोळे मिटले. ट्रक गेला, खटला झाला, तुरुंग झाला, सगळं त्यानं एका क्षणात कबूल करून टाकलं. वर बसलेली माणसं काही झालं तरी गावातली होती. छातीत होता नव्हता तेवढा वारा गोळा करून तो ओरडला, “साहेब, मी खांब काढलाय. चूक झाली. मी खांब काढलाय.”

पण मान दबलेली, आवाज घोगरा, आणि मधे फळ्या. चिंतामणरावांनी विचारलं, “काय म्हणतो?”

“घाम,” गुंडा ठासून म्हणाला. “घाम काढलाय म्हनतोय ह्या घरासाटनं. खरं हाय ते. त्याच्या बापानं लय घाम गाळलाय हितं.”

“अरेरे,” चिंतामणराव म्हणाले, आणि उठले.

ते उठले तेव्हा तुळई हलली आणि अर्जुनाला आपलं आयुष्य संपल्यासारखं वाटलं. मग एकेक पाऊल जिन्याकडं सरकू लागलं. दुकानदार उतरले, मेंबर उतरले. भार उतरू लागला तसे त्याचे गुडघे सरळ होत गेले. सगळ्यांत शेवटी जिना कण्हत कण्हत चिंतामणरावांना खाली घेऊन आला.

वखारीच्या दारात सगळी कमिटी थबकली. अर्जुना तळखड्यावर उभा होता, दोन्ही हातांनी तुळईला घट्ट मिठी मारून. गाल लाकडाला टेकला होता आणि तोंडावरून घामाच्या धारा वाहत होत्या. वर आता कोणी नव्हतं, पण हात आखडल्यामुळं त्याला मिठी सोडता येत नव्हती. शेजारी अंजना पदर तोंडाला लावून रडत होती. माणसं जिवंत उतरली म्हणून रडत होती.

चिंतामणरावांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“बघा,” ते मेंबरांना म्हणाले. “आपण वर बसून ह्याला गाळे दाखवतोय, आणि हा माणूस इथं घराच्या गळ्यात पडून रडतोय. पैसे खाली आणा म्हणाला, गाळा नको म्हणाला. अनंतराव, अशा माणसाचं घर घेऊन मंडई बांधली तर त्या मंडईला बरकत येईल का?”

अनंतराव अर्जुनाच्या पायांखालचा तळखडा बघत होते. मग त्यांनी वर तुळईकडं पाहिलं, मग चिंतामणरावांच्या देहाकडं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माडीवरून चौक तळहातासारखा दिसतो, हे त्यांनीच सांगितलं होतं.

“नाही येणार, साहेब,” ते घाईघाईनं म्हणाले. “अजिबात नाही येणार.”

“मग ठरलं. ही वखार म्युनिसिपालिटी ह्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच घेणार नाही. मंडई गुंडाच्या जागेवरून सुरू करू.”

अर्जुना काहीतरी बोलायला गेला. चिंतामणरावांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, “आभार मानू नका. समजलं मला.” अनंतराव मात्र जाता जाता मागं राहिले आणि त्याच्या कानाशी पुटपुटले, “खांब असेल तिथून आणा. आणि मेहेरबानी करून, आपण दोघंही गप्प राहू.”

पुढच्या वर्षी चौकात मंडई उभी राहिली. गुंडानं आलेल्या पैशात ज्ञानूबरोबर भागीत ट्रक घेतला. तो ट्रक वखारीपुढून जाताना गुंडा मुद्दाम भोंगा वाजवी. त्याला तो आवाज कमी ऐकू येई, म्हणून जास्त वेळ वाजवी. गावात कोणी मोठा पाहुणा आला की चिंतामणराव त्याला मंडई दाखवत, आणि मग वखारीत आणून अर्जुनाला पुढं उभं करत. “हाच तो गृहस्थ,” असं म्हणून सगळी हकिगत सांगत. अर्जुना हात जोडून उभा राही.

मंडईमुळं जागेला मोल आलं, आणि एके दिवशी सांगलीचे हळदीचे एक बडे व्यापारी गाडीतून उतरून थेट वखारीत आले. चौकात गोदाम हवं होतं. त्यांनी भिंती पाहिल्या, छत पाहिलं, परत बसवलेल्या मधल्यासकट सगळे खांब हलवून पाहिले, आणि समाधानानं मान डोलावली.

“पसंत आहे,” ते म्हणाले. “तुम्ही मागाल ते देतो. फक्त नाही म्हणू नका.”

अर्जुनाचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. “न्हाई कोन म्हनतंय, शेट? बसा की. अंजना, चा टाक.”

“गाडीतला पानसुपारीचा डबा घेऊन आलो,” असं म्हणून व्यापारी बाहेर गेले. गाडीभोवती मंडईतले दुकानदार जमले होते. बराच वेळ बोलणं चाललं होतं. मधेच सगळे वखारीकडं बोट करत होते, आणि गुंडा दोन्ही हातांनी हवेत मिठी मारून काहीतरी दाखवत होता.

व्यापारी परत आले ते डब्याशिवाय आले. चपला त्यांनी बाहेरच काढून ठेवल्या होत्या.

“माफ करा,” ते खाली मान घालून म्हणाले. “मी परगावचा माणूस. मला ठाऊक नव्हतं. उगीच तुमच्या काळजाला हात घातला.”

“आवं शेट, ऐका तरी,” अर्जुना उठून पुढं धावला. “तसं काय बी न्हाई. खरं काय झालं ते सांगतो...”

“नको. पुन्हा जखम उघडी करू नका,” व्यापारी म्हणाले. वाकून त्यांनी वखारीच्या उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि अर्जुनाकडं पाठ होऊ नये म्हणून उलट्या पावलांनी गाडीपर्यंत गेले.