बेटावरचे बारा खुंटे

अभिमनच्या योजनेत चूक शिरायला सुईच्या टोकाइतकीही फट नव्हती! १९३६ सालचा ताजा बी.एस्सी. तो, अमळनेरच्या एका शाळेत सहा महिने हंगामी मास्तर. एकेका वर्गात बहात्तर पोरं सांभाळून बिचाऱ्याचा जीव उन्हात वाळत घातलेल्या मिरचीसारखा झाला होता. त्यात हेडमास्तरांनी बजावलेलं, "नाताळनंतर एक जागा कायम होईल. पण काहीतरी संशोधन दाखवा!"

तेव्हा ठरलं! हिलालमामाच्या गावाजवळ, पूर ओसरला की तापीच्या पात्रात वाळूचं बेट उघडं पडतं. हिवाळ्यात तिथे चक्रवाक उतरतात. राहुटी ठोकून तीन दिवस राहायचं, तासातासाला पक्षी मोजायचे आणि मुख्य म्हणजे कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही!

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सामान भिजू नये म्हणून अभिमन होडीतून बेटावर पोचला. राहुटीच्या खुंट्या वाळूत टिकेनात, म्हणून त्याने बाभळीचे हातभर लांब बारा खुंटे मारले. दोन खुंट्यांत अंतर बरोबर चार फूट. ठेच लागू नये म्हणून प्रत्येकाला लाल चिंधी बांधली. मग वहीत नोंद केली : 'चक्रवाक – चौदा. शांतता – संपूर्ण.'

शाई वाळायच्या आत काठावरून आरोळी आली, "खुटा ठोकी दिधात रे!"

आता या बेटावर गाव टरबुजांच्या वाड्या लावतं. दरवर्षी पुरात जुन्या हद्दी वाहून जातात. म्हणून रिवाज असा, की पंचांनी दिवस नेमल्याशिवाय कोणी खुंटा मारायचा नाही. पण एकाने मारलाच, तर सगळे मोकळे. ज्याचा खुंटा त्याची वाडी! हे बी.एस्सी.च्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

घटकाभरात गाव गुडघाभर पाणी तुडवत बेटावर! सर्वांत पुढे भिकुबाई, डोक्यावर खुंट्यांची मोळी.

"हिलालना भाचा ना तू? मधली बठ्ठी मऊ वाळू धरी लिधी!"

"अक्का, सगळी वाळू तुम्हीच घ्या, मी पक्षी मोजायला आलोय हो!"

"मोज ना बापा, तुले कोण नही म्हणस?" असं म्हणत तिने राहुटीच्या दारातच खुंटा हाणला!

इतक्यात हिलालमामा धापा टाकत आला. अभिमनला हायसं वाटलं. "मामा, यांना सांगा, मला वाडी नको!"

"नको कशी? गावमा इज्जत शे आपली! माले सांगतास ते पन्नास खुटा दिधा असतात. बारा खुटास्मा काय व्हस?"

"मग मी उपटतोच!"

भटूआबा, गावातले वयाने सर्वांत मोठे, खाकरून म्हणाले, "मारेल खुटा उपटाना नही, भाऊ. बठ्ठास्ना वेल वाळी जातस."

"एक खुंटा उपटला की सगळ्यांचे वेल वाळतात, याला काही शास्त्रीय आधार?"

"मागला साले एकनी उपटा व्हता."

"मग?"

"तो आते मालेगावले ऱ्हास."

अभिमनने कुदळ हाती घेतली. तीन दिवस त्याने खड्डे खणले, शेणखत वाहिलं, बिया पुरल्या. हातांना फोड, कमरेला उसण, आणि बोलणं तर इतकं झालं की घसाच बसला. तिसऱ्या दिवशीची नोंद अशी : 'चक्रवाक – शून्य. माणसे – त्रेसष्ट.'

शाळा उघडली. हेडमास्तरांनी वही चाळली. पक्ष्यांना अर्धं पान, टरबुजांच्या खड्ड्यांना अकरा पानं!

"म्हणजे संशोधन काही नाही."

"नाही, सर." अभिमनचा आवाज अजून फुटत नव्हता. बिछाना बांधून घरी जायची त्याने तयारीच ठेवली होती.

हेडमास्तरांनी पुन्हा अकरा पानं वाचली. या वेळी सावकाश.

"ही टरबुजं... तयार कधी होतात?"

"चैत्रात, सर."

त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं, दौत पुढे ओढली आणि म्हणाले, "कायम करणं कठीणच. पण तुमची मुदत चैत्रअखेरपर्यंत वाढवायला माझी हरकत नाही!"