चालू की बंद?

साळवीकाकांच्या घरी गेलात की ते तुम्हाला पाणी विचारत नाहीत. श्वास रोखायला सांगतात.

माझ्यावर पहिल्यांदा ही पाळी आली तेव्हा मला वाटलं, घरात कुणी आजारी असावं. काकांनी ओठांवर बोट ठेवून मला आत घेतलं. वरचा पंखा बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं, खिडकी लावली आणि टेबलाखालच्या एका काळ्या खोक्यासमोर मला उभं केलं. "आता श्वास रोखा," ते कुजबुजले. मी रोखला. भाईंदर, मे महिना आणि बंद खोली. माझ्या कपाळावरचा घाम ओघळायला लागला.

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"नीट ऐका. बारीक भुणभुण आहे."

"नाही हो काका."

"आहे," काका हताश होऊन म्हणाले. त्या दुःखात ते फ्रिज चालू करायला विसरले आणि संध्याकाळी घरातलं दूध नासलं.

तो काळा खोका म्हणजे काकांनी स्वतःच्या हातांनी जुळवलेला कॉम्प्युटर. जेसल पार्कमध्ये आमची दारं समोरासमोर आहेत, त्यामुळे त्या खोक्याचा जन्म, बारसं आणि वेळोवेळची आजारपणं मी जवळून पाहिली आहेत. काका मूळचे संगमेश्वरकडचे. मुंबईत एका जाहिरात कंपनीत त्यांनी जन्मभर मांडणीचं काम केलं, म्हणजे पानावर अक्षरं कुठे बसवायची आणि कुठे जागा मोकळी सोडायची ते ठरवायचं. तिथे एका परदेशी कंपनीचे महागडे कॉम्प्युटर होते. त्यांची सिस्टम फक्त त्यांच्याच खोक्यात चालते, दुसऱ्याच्या खोक्यात घातलीत तर आम्ही जबाबदार नाही, असं त्या कंपनीचं म्हणणं. काका निवृत्त झाले, पण हात त्याच सिस्टमला सोकावलेला. मग त्यांनी ठरवलं की केबिन रोडवरून सुटे भाग आणायचे, खोका घरी जुळवायचा आणि त्यात तीच सिस्टम नांदवून दाखवायची.

"हे दत्तकविधान आहे, पाटकर," ते मला म्हणाले. "कंपनी म्हणते, मुलगा आमचा, दुसऱ्याकडे राहायचा नाही. मी म्हणतो, मायेने वागवलं तर का नाही राहणार?"

तेव्हापासून त्या कॉम्प्युटरचं नाव दत्तक. एरवी तो गुणी होता, पण कंपनीकडून नवं अपडेट आलं की बिथरायचा. कधी त्याचा स्क्रीन काळा पडायचा, कधी माऊस जागचा हलायचा नाही. "दत्तक रुसलाय," असं काका जिन्यात सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघून समोरच्याला शहाळं घेऊन भेटायला जावंसं वाटायचं.

"त्यापेक्षा ओरिजिनलच विकत का नाही घेत?" मी एकदा विचारलं.

"विकत घेतलेला काय, चालणारच!" काका जवळजवळ रागावलेच. "त्यात आपण काय केलं?"

आता या दत्तकावर ते एवढं करायचे तरी काय, असं तुम्ही विचाराल. सोसायटीच्या नोटिसा करायचे. 'उद्या टाकी धुणार असल्याने पाणी येणार नाही' हे वाक्य काका दोन दिवस मांडत बसायचे. भोवती नाजूक चौकट, मधोमध डौलदार अक्षरं आणि चारी बाजूंना ऐसपैस मोकळी जागा. दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मारवाडी कुटुंबाने नोटीस बघून वॉचमनला विचारलं होतं, "किसकी शादी है?" काकांनी ते आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक मानलं.

पण दत्तक चालणं हा अर्धाच प्रश्न होता. तो आवाज न करता चालला पाहिजे, हा खरा हट्ट. आणि त्या हट्टाचं मूळ स्वयंपाकघरात होतं.

सुलभाकाकूंचे कान आमच्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होते. लिफ्टच्या दाराच्या आपटण्यावरून कोण आलंय ते त्या सांगायच्या. उत्तनची कोळीण गेटशी टोपली टेकून "बोंबील हाय वो, ताजं हाय," म्हणेपर्यंत काकू पिशवी घेऊन तिच्यासमोर उभ्या. अशा बाईच्या घरात काकांचा सगळ्यात पहिला कॉम्प्युटर आला, आणि तो असा घरघरायचा की टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येऊ नयेत. काकू त्याला विमान म्हणायच्या. "अहो, विमान उतरवा आता, पानं वाढलीत," ही त्यांची रोजची हाक. शेवटी काकांनी शब्द दिला, "सुलभा, असा बनवतो की तो चालू आहे की बंद, ते तुला कळणारसुद्धा नाही."

मग परीक्षा सुरू झाल्या. काकू ओट्याशी पाठमोऱ्या काम करत असायच्या. काका बाहेरच्या खोलीत काहीतरी नवं बसवायचे आणि तिथूनच विचारायचे, "सुलभा, चालू की बंद?"

काकूंचा हात क्षणभर थांबायचा. "चालू."

काका परत खोका उघडायचे. कधीकधी लबाडी करून ते कॉम्प्युटर बंद ठेवूनच विचारायचे. "बंद," काकू मान न वळवता सांगायच्या, "आणि मला फसवायला जाऊ नका." वर्षानुवर्षं हे चाललं होतं. एकदाही त्यांचं उत्तर चुकलं नाही.

या परीक्षेपायी काकांनी काय काय केलं! कुकरची रिंग कापून तिचे तुकडे पंख्याच्या स्क्रूंखाली घातले, म्हणजे थरथर खोक्याला लागायची नाही. पंख्याची थरथर तशीच राहिली, घरातली डाळ मात्र दोन दिवस शिजली नाही. खोक्याला आतून गोधडीचं अस्तर लावलं, तर दत्तक इतका तापला की गोधडीला वास सुटला. शेवटी त्यांनी रॉकेलचं जुनं नरसाळं रबरी नळीला जोडलं, नळी कानात घातली आणि नरसाळं खोक्यावर जागोजागी टेकवून ऐकायला लागले. आमच्या कामवाल्या बाईंनी ते उघड्या दारातून पाहिलं आणि खाली जाऊन सांगितलं की साळवीकाका कॉम्प्युटरचं बीपी बघतात.

केबिन रोडवरच्या दुकानात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार जिग्नेसभाईंनी नवा पंखा पुढे सरकवला. "काका, ये एकदम सायलेंट है. कंपनीने बॉक्सपे लिखा है."

"कंपनीने लिखा है," काका म्हणाले, "हमारी मिसेसने किधर लिखा है?"

"तो काकीको लेके आओ ना दुकानपे."

"उसका कान घर में ही चलता है," काका अभिमानाने म्हणाले. "रोड पे तुम्हारा सबका भोंगा रहता है."

असं सगळं चाललेलं असताना एका रविवारी सकाळी काकांनी माझी बेल वाजवली. हातात पेढ्यांचा बॉक्स होता आणि शर्टाची बटणं एक घर चुकलेली.

"पास झालो, पाटकर!"

त्यांनी एक नवं ग्राफिक कार्ड मिळवलं होतं. स्क्रीनवर चित्र दाखवणारा हा भाग नेहमी पंख्याने गार ठेवावा लागतो, याला मात्र पंखाच नव्हता. कॉम्प्युटर चालू होता, काकांनी नेहमीसारखं विचारलं, आणि काकू म्हणाल्या, "बंद." काकांनी दोनदा खात्री करून घेतली. मी त्यांच्या घरी गेलो, शिरस्त्याप्रमाणे श्वास रोखला, मलाही काही ऐकू आलं नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून काकांकडे बघत हसत होत्या. त्या दिवशी काकांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. कशाचे, ते कुणालाच नीट कळलं नाही, पण सगळ्यांनी अभिनंदन केलं.

पुढच्याच आठवड्यात कंपनीकडून अपडेट आलं. काकांना मोह आवरला नाही, त्यांनी ते घेतलं आणि दत्तक रुसला. नवं कार्ड तो ओळखेचना. नाइलाजाने काकांनी माळ्यावरचं जुनं पंखेवालं कार्ड काढून बसवलं. त्याचा आवाज आमच्या घरात, दोन दारं ओलांडून, टीव्ही चालू असताना ऐकू आला. मी बघायला गेलो.

काका खोक्याचं झाकण काढून जमिनीवर बसले होते. आत पंखा गरगरत होता. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून मेथी निवडत होत्या. मला बघून काकांना गंमत सुचली. मला डोळा मारून ते ओरडले, "सुलभा, चालू की बंद?"

"बंद!" काकू म्हणाल्या. अगदी खुशीत.

"थट्टा करतेय," काका मला म्हणाले आणि हसले. परत ओरडले, "अगं, खरं सांग. चालू की बंद?"

"बंद म्हटलं ना! किती वेळा पास करू?"

काकांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. उत्तर आलं नाही म्हणून काकू वळल्या. त्यांनी आधी आमचे चेहरे पाहिले, मग उघडा खोका, मग आत फिरणारा पंखा.

"चालू आहे का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

काकांनी बटण दाबलं. पंखा थांबला. "कधीपासून?" ते म्हणाले.

काकूंनी पदराला हात पुसले. "बरेच दिवस झाले. आधी बारीक आवाज गेले. मी म्हणत होते ना, कोळीण हल्ली येत नाही? ती येते हो. मलाच तिची हाक ऐकू येत नाही."

"मग तू बरोबर कसं सांगायचीस?"

"तुमच्या आवाजावरून. चालू असला की तुम्ही घाबरून जोरात विचारता. बंद ठेवून फसवायचं असलं की एकदम गोड बोलता."

"आणि त्या दिवशी? चालू होता, तरी बंद म्हणालीस."

"किती वर्षं नापास करायचं माणसाला? दमला होतात तुम्ही."

"मला सांगायचं नाही, सुलभा?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तो खोका गुंडाळून ठेवला असता," काकू म्हणाल्या. "मग दिवसभर कुणाला विचारलं असतंत, चालू की बंद?"

मी तिथे उभा आहे हे दोघंही विसरले होते. मी मेथीच्या जुडीकडे बघत राहिलो. या वेळी कुणी न सांगता माझा श्वास रोखला गेला होता. माणसं एकमेकांवर प्रेम करतात हे आपल्याला माहीत असतं, पण ते असं समोर दिसलं की कुठे बघावं ते कळत नाही.

त्यानंतर समोरच्या घरात विमान उडालं नाही. पंप दुरुस्तीची नोटीस बॉलपेनने लिहिलेली लागली, तेव्हा साऱ्या बिल्डिंगला कळलं की काहीतरी बिनसलंय. काका काकूंना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावलं तर बराच फरक पडेल. काकू ऐकेनात. "कानात ते भोकर घालून केबिन रोडला फिरू? लोक म्हणतील, सुलभा म्हातारी झाली." काकांनी मात्र कानाच्या यंत्रांचा असा अभ्यास केला की यंत्रवाल्या दुकानदाराच्या तोंडाला फेस आला. "इसमें खुदका भुणभुण कितना है?" असं विचारत त्यांनी प्रत्येक यंत्र आधी स्वतःच्या कानात घालून बघितलं. शेवटी काकूच कंटाळल्या. "घालते," त्या म्हणाल्या, "पण एका अटीवर. तुमचं ते विमान परत सुरू करायचं. तुम्ही असे गप्प बसलात की मला घरात करमत नाही."

मग एका दुपारी माझी बेल वाजली. दारात काका, हातात पेढ्यांचा बॉक्स. शर्टाची बटणं पुन्हा चुकलेली.

"दत्तक सुरू झाला वाटतं?" मी विचारलं.

"झाला. समजूत पटली त्याची. बिनपंख्याचं कार्ड परत बसवलं. खोक्याला डावीकडे एक नवा पंखा लावला, नरसाळं टेकवून ऐकलं, काही नाही. मग विचारलं तिला. पाटकर, जोरात नाही विचारलं. गोड पण नाही. अगदी साधं विचारलं, तिला अंदाज लागू नये म्हणून."

"मग?"

"चालू म्हणाली." काकांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. "वर म्हणाली, डावीकडचा पंखा कुरकुरतोय."

"अहो, म्हणजे..."

"म्हणजे नापास," काका म्हणाले आणि माझ्या तळहातावर दोन पेढे ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. "घ्या ना. सगळ्यांना वाटायचेत."

तेवढ्यात त्यांच्या घरातून हाक आली, "अहो, दार लावा आधी! लिफ्ट केवढी खडखडतेय ती!"

"ऐकलंत?" काका मला म्हणाले. "ऐकलंत ना?"

आणि दार सताड उघडं ठेवून ते तिथेच उभे राहिले.