पुऱ्या मापाचा माणूस

कवडूजी भेटले की आधी कान मोजायचे. मापं घ्यायचा लोखंडी परकार त्यांच्या खिशात असे, आणि ख्यालीखुशाली विचारता विचारता तो आपल्या कानशिलाला गार लागे. "कान नाकाहून सूतभर मोठा आहे भाऊ," एवढं गंभीरपणे सांगून मग ते चहाचं विचारत. गल्लीत कुणी आजारी असलं आणि कवडूजी समाचाराला आले, तर घरातल्या बायका आधी तो परकार मागून घेत.

महाल भागातल्या आमच्या चितार ओळ या गल्लीत मूर्तिकार पुष्कळ, पण ते देव घडवायचे. कवडूजी माणसं करत. मेणाचा चेहरा, काचेचे डोळे, न्हाव्याकडून आणून एकेक करून टोचलेले खरे केस. गणपतीच्या देखाव्यातल्या त्यांच्या हवालदाराला लोक रस्ता विचारायला जात आणि जवळ पोचल्यावर घोटाळत, कारण हवालदार त्यांच्या खांद्याएवढाच असे. माणूस पुऱ्या मापाचा करायचा नाही, हा कवडूजींचा नियम होता. वडिलांचा पुतळा करून घेतलेला कळमना बाजारातला एक अडत्या भांडायला आला, की आमचे वडील एवढे बुटके नव्हते. कवडूजी म्हणाले, "मेला की माणूस लहान होते. तुम्ही मोजलं नसन."

त्यांचा एकुलता एक मुलगा मधू कन्हान नदीच्या पुरात वाहून गेला होता. प्रेत सापडलं नाही, त्यामुळे त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, तो गेल्याचं कधी मानलंच नाही. रोज त्या त्याचं ताट वाढत. बायकोला हे एकदाचं पटावं, एवढंच कवडूजींना आता हवं होतं. हे सगळ्या ओळीला ठाऊक होतं. त्यासाठी ते काय करत होते, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

माझे वडील गेले तेव्हा मी कोराडीच्या वीजकेंद्रात पाळीवर होतो. निरोप मिळूनही पाळी संपवूनच निघालो. ते टोचणं काही जाईना. म्हणून मी कवडूजींकडे गेलो आणि वडिलांचा पुतळा मागितला. पुऱ्या मापाचा, ओसरीवरच्या त्यांच्या खुर्चीत बसेल असा.

"आई आहे ना घरी?" त्यांनी विचारलं.

"आहे. तिच्यासाठीच तर."

"मंग नाही."

मी चिडलो. तुम्हाला जमतच नाही, म्हणून सगळ्यांना खुजे करता, असं बोलून गेलो. कवडूजींनी परकार खाली ठेवला आणि मला आतल्या खोलीत नेलं.

भिंतीशी मधू उभा होता. पाऊण मापाचा. त्याच्या शेजारी अर्ध्या मापाचा, मग दीड हात उंचीचा. सगळ्यांना तीच बारीक मिशी, तोच चौकड्यांचा निळा सदरा. चौकडे आणि गुंड्या तेवढ्या लहान होत गेलेल्या.

"पहिला पुऱ्या मापाचा होता," कवडूजी म्हणाले. "प्रेत नाही भेटलं, त्याच्या जागी केला. वाटलं, ही पाहीन, रडन, मोकळी होईन. तिनं त्याले जेवाले बसवलं गा. भात गार झाला त म्हने, पोट्टा रुसला."

तो त्यांनी स्वतः फोडला होता. मग दर वर्षी नवा, थोडा लहान करत गेले. लहान होत होत दिसेनासा झाला, की तिला समजेल, असा त्यांचा हिशेब होता.

मागच्या अंगणात वच्छलाबाई उन्हात बसल्या होत्या. मांडीवर सर्वांत धाकटा मधू होता, तान्ह्या मुलाएवढा, मिशीसकट. त्या त्याच्या डोक्याला तेल लावत होत्या.

"आता मांडीवर मावते तिच्या," कवडूजी म्हणाले. "अंगाई म्हणून राहिली. याच्याहून लहान कसा करू, भाऊ?"

वच्छलाबाईंनी मान वर केली. "हळू बोला जी. आत्ताच डोळा लागला त्याचा."

काचेचे डोळे टक्क उघडे होते. कवडूजींनी चपला काढून हातात घेतल्या आणि पाय न वाजवता अंगणात गेले. मेण उन्हात मऊ होतं. ते उन्हाच्या बाजूला जाऊन उभे राहिले, त्या इवल्याशा चेहऱ्यावर आपली सावली पडेल असे.