पहाऱ्याची बदली

कर्नल श्यामकांत दिघे फौजेतून निवृत्त झाले, तरी त्यांचा पहारा काही सुटला नाही. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून ते रात्र रात्र सोसायटीच्या गेटवर डोळे लावून बसत. जेवण सुटलं, बोलणं आटलं. डॉक्टरांनी औषधं दिली, वर ध्यान करायला सांगितलं. या सगळ्यात बाळसं धरलं ते एकट्या वॉचमनने. साहेब जागे म्हटल्यावर तो बिचारा कशाला जागतोय!

शेवटी मीनाक्षीताईंनी नवऱ्याला सोसायटीच्या हॉलमधल्या माजी सैनिकांच्या ध्यानवर्गात जवळजवळ ढकललंच. शिकवणारी कृतिका दिल्लीतच वाढलेली.

"काका, विचार येतील. येऊ द्या, जाऊ द्या. रोकना नहीं है."

"बिना चेकिंग?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

आठवड्याभराने मीनाक्षीताई कणीक मळत असताना कृतिकाचा फोन आला. "काकू, जल्दी या! काका उठतच नाहीयेत!"

पिठाच्या हातांनीच मीनाक्षीताई धडाधड जिना उतरल्या. हॉलबाहेर लाफ्टर क्लबची मंडळी ताटकळत होती, आणि दारात वर्गातलेच सुभेदार अर्जुन गवई छाती काढून उभे.

"काय झालं हो यांना?"

"हळू बोला, मॅडम," सुभेदार कुजबुजले. "साहेब झोपलेत."

कर्नलसाहेब भिंतीला टेकून मस्त घोरत होते. बाकीचे माजी सैनिक ताठ बसलेले. साहेबांच्या आधी उठायचं कसं?

"काकांची नजर सारखी दाराकडे जायची," कृतिका म्हणाली. "हे सुभेदार म्हणाले, 'सर, दार मी बघतो.' बस, काका गेलेच! म्हणजे... झोपले!"

मीनाक्षीताई तिथेच मटकन खाली बसल्या आणि तोंडभर पीठ माखेपर्यंत रडल्या. इतकं सुखाचं रडू कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. लाफ्टर क्लबने तोंडाला रुमाल लावून आपला व्यायाम अंगणातच उरकला.

दुपारी साहेब दचकून उठले. "ड्यूटीवर झोपलो? मला उठवलं का नाही?"

"सर, आज पहारा माझा होता."

कर्नलसाहेबांनी भिंतीला पाठ टेकून पाय पसरले. मग हळूच म्हणाले, "गवई, भूक लागली यार."

त्या रात्री साहेब घरीही झोपले. सकाळी बेल वाजली. दारात वॉचमन, डोळे लालभडक.

"मॅडमजी, साहब ठीक तो हैं ना? बाल्कनी में दिखे नहीं. मुझे सारी रात जागना पड़ा!"

"अब आदत डाल लो, भैया," मीनाक्षीताई म्हणाल्या आणि त्यांनी आवाज न करता दार लावून घेतलं. साहेब अजून उठायचे होते.